हिरव्या शिक्क्याचा कागद

१

दिलवरसिंगने माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, "अक्का, यामा एक कागद खोटा शे."

मी त्याला ओळखलं आणि माझं डोकं तापलं. हा जानेवारीतही आला होता. सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस, बायको नानीबाई, स्तनाचा कॅन्सर. दोन वर्षांपूर्वी जळगावात ऑपरेशन झालं, गेल्या दिवाळीत गेली. आजार पाठीच्या मणक्यात पसरला होता. "कशी काय गेली?" असं विचारायला तो आला, तेव्हा मी त्याच्या हातातला कागद मोठ्याने वाचून दाखवला होता. केमो घ्यावी असं स्वच्छ लिहिलं होतं. मग मी त्याला चार माणसांत झापलं होतं. तुम्ही लोक वेळेवर येत नाही, आणि मग आम्हाला विचारता, असं बरंच काही. तो मान खाली घालून निघून गेला होता.

मी हेमलता. एकतीस वर्षं जळगावच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ऑपरेशनमधून आलेलं मांस मेणात बसवते, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढते, काचेवर घेते, रंगवते. डॉक्टर ती काच बघून निदान करतात. घर पिंप्राळ्यात, स्वभाव तिखट, आणि तो मी कधी लपवलेला नाही.

"कोणता खोटा?" मी विचारलं.

त्याने लाल शिक्क्याच्या कागदावर बोट ठेवलं. तो नानीबाईचा होता. दुसऱ्यावर हिरवा शिक्का होता. तो त्याच्या धाकट्या बहिणीचा, कमलबाईचा. तिचंही ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले होते.

"माले वाचता येत नही. पन रंग तं दिखतस ना? नानीना कागदवर हिरवा शिक्का व्हता. हिरवा म्हंजे घर जा, केमो नको, असं धुळाना डॉक्टरनी सांगं. आम्ही घर गऊत. ती मरी गई, मंग मी धुळाले ईचाराले गऊ. त्यास्नी झेरॉक्स काढाले कागद लिधा, आनि परत दिन्हा तो हाऊ लाल."

"आणि कमलबाईला?"

"तिले बी हिरवा दिन्हा. सोमवारले घर लई जा म्हंतस." त्याने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "लई जाऊ का, अक्का? ती बी मरी गई तं तुम्ही परत मालेच बोलशात."

त्या दिवशी गुरुवार होता.

२

शिक्क्यांची भानगड आधी सांगते.

धुळ्यात देवपूरला डॉ. सोनगिरे यांचं तपासणी केंद्र आहे. त्यांचा अभ्यास कॅन्सरच्या गाठीपेक्षा गाठीभोवतीच्या धाग्यांच्या जाळ्यावर. शेतात बी कसं रुजतं ते मातीवरही ठरतं, तसं. त्या जाळ्यात काही प्रथिनं वाढली की कॅन्सरच्या पेशींना बाहेर पडायला वाट मिळते. डॉक्टर त्यातलं एक प्रथिन रंगवून बघायचे. जाळं गडद तपकिरी दिसलं तर पसरण्याचा धोका, शिक्का लाल. फिकट दिसलं तर धोका कमी, शिक्का हिरवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या सोयीसाठी रंग. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्या माणसाचं कौतुक वाटलं होतं.

बेचाळीस बायांवर अभ्यास चालला होता. आमच्या लॅबमधून त्यांच्याकडे दर बाईचे ब्लॉक जायचे. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेल्या मांसाचा ठोकळा, आगपेटीच्या अर्ध्याएवढा, खाली प्लॅस्टिकची कॅसेट, तिच्या कडेवर पेन्सिलीने नंबर. मेण वाचवायला मी एकाच ब्लॉकमध्ये दोन गोष्टी बसवायचे. एका बाजूला स्तनाची गाठ आणि नंबरच्या बाजूला काखेतल्या लसीकाग्रंथी, डाळीच्या दाण्यांसारख्या एका ओळीत. आमच्या मालकांना काटकसर आवडते आणि मला ओळ आवडते.

आता कुणी म्हणेल, जुनी फाइल काढायची आणि शिक्का बघायचा. पण आपल्याकडे फाइल दवाखान्यात नसते, पेशंटच्या पिशवीत असते. नानीबाईचं ऑपरेशन केलेले सर्जन पुण्याला निघून गेले होते. मूळ काचा आणि बाकीचे ब्लॉक धुळ्याला "वापरून संपले" अशी नोंद होती. उरला होता फक्त धुळ्याहून परत आलेला एक ब्लॉक.

मी तो कपाटातून काढला. नंबर माझ्याच हातचा होता, पण ग्रंथी नंबरच्या बाजूला नव्हत्या. पलीकडच्या कडेला दोन इकडे, तीन तिकडे, ढिगासारख्या पडल्या होत्या. एकतीस वर्षांत मी असं बसवलेलं नाही. कुणीतरी मेण वितळवून जुनं मांस उचललं होतं आणि माझ्या नंबरखाली दुसरंच बसवलं होतं.

मी काप काढला, रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. ग्रंथी स्वच्छ होत्या. अगदी धुतल्यासारख्या.

दिलवरसिंग बाहेर बाकावर बसला होता. मी त्याला विचारलं, "नानीबाईचा फोटो आहे का?"

त्याने मोबाइल पुढे केला. मोहाची फुलं वेचणारी बाई, हसरी, कंबरेवर टोपली. दोन्ही हात मनगटापासून खांद्यापर्यंत गोंदलेले.

मी आत गेले. अभ्यासातल्या बेचाळीस बायांची खोकी खाली काढली.

३

गोंदणाची काजळी कातडीतच राहते असं लोकांना वाटतं. तसं नसतं. तिचे बारीक कण वर्षानुवर्षं सरकत सरकत काखेतल्या ग्रंथींत जाऊन बसतात. हात भरून गोंदलेल्या बाईची ग्रंथी काचेवर काळ्या मोहरीने शिंपडल्यासारखी दिसते. पुस्तकात एक ओळ असेल. सातपुड्यातल्या बायांच्या काचा बघणाऱ्या आमच्यासारख्यांना ते रोजचं.

तेव्हा स्वच्छ ग्रंथी नानीबाईच्या नव्हत्या. मग नानीबाईच्या कुठे गेल्या?

शुक्रवारी दुपारपर्यंत मी खोकी उपसली. गोंदलेल्या बायांचे ब्लॉक माझ्या ओळीत, माझ्या हातचे. बिघडलेली ओळ आणखी एकाच ब्लॉकमध्ये सापडली. काप काढला. काळे कण खच्चून भरलेले, आणि गाठीभोवतीचं जाळं फिकट. कॅसेटवरचा नंबर मी रजिस्टरात शोधला. नूरबी, वय पन्नास, धुळे. नानीबाईच्याच वयाची, गाठही तेवढीच, ऑपरेशन त्याच महिन्यातलं.

हे ब्लॉक धुळ्याला नेणारा-आणणारा रुपचंद. एस.टी.त खोका मांडीवर घेऊन बसतो, शेजारच्याला हात लावू देत नाही. मी त्याला काच दाखवली.

"हे काळं काय असेल रे?"

त्याने डोळा लावला. "घाण शे ना अक्का. काच पुसेल नही."

"दिवाळीनंतर दोन ब्लॉक परत मागवले होते का धुळ्याहून?"

"डिसेंबरमा मांगे व्हतात. फोन उना, दोनच नंबर सांगात. आठ दिवसमा परत बी दिन्हात." त्याने खिशातून मळकी वही काढली. पोचल्याची सही होती. आवेज.

आवेज! त्याला मी शिकवलं होतं. सहा महिने माझ्या हाताखाली होता, मेण कसं ओतायचं इथपासून. धुळ्याच्या केंद्रात नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन पाया पडायला आला होता. रुपचंदला गरम तव्यावर मेण वितळवून डाळीएवढे तुकडे उचलता आले नसते. आवेजला आले असते, डोळे मिटून.

माझ्या अंगाची लाही झाली. मी संध्याकाळची धुळ्याची बस पकडली.

४

आवेज केंद्राच्या दारातच भेटला. मी चहालाही थांबले नाही. नंबरावर कागदाची पट्टी चिकटवलेली काच त्याच्या हातात दिली.

"बघ. आणि सांग, हे काळं काय आहे?"

त्याने काच आतल्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पुरता वाकलाही नाही तोच म्हणाला, "गोंदण. तुम्हीच तर दाखवलं होतं अक्का, पहिल्याच आठवड्यात. पावरा बाई आहे, नाहीतर भिल्ल."

मी पट्टी काढली. त्याने नंबर वाचला. परत वाचला.

"हा तर नूरबीखालांचा नंबर. आमच्या गल्लीतल्या आहेत. त्यांच्या हातावर गोंदण नाही." त्याचा चेहरा उतरला. "अक्का, त्या डिसेंबरच्या पावतीवर माझी सही आहे."

"तेच विचारायला आले."

"सही प्रत्येक खोक्यावर माझीच असते. घेतो आणि सरांच्या खोलीत ठेवतो. मेण गरम करायची शेगडी गेल्या वर्षीपासून तिथेच आहे." तो हळू आवाजात बोलायला लागला. "आता मलाच धरतील ना?"

खोटं बोलणारा माणूस मला कळतो अशी फुशारकी मी मारणार नाही. जानेवारीत खरं बोलणारा माणूस समोर उभा होता, तोही मला कळला नव्हता. पण एक गोष्ट सरळ होती. काळे कण म्हणजे काय हे आवेजला माहीत होतं. अदलाबदल करायची असती तर बेचाळीस बायांतून नूरबीचा ब्लॉक त्याने उचललाच नसता. गोंदलेल्या दुसऱ्या बाईचा उचलला असता, आणि मला जन्मात पत्ता लागला नसता.

हे ज्याने केलं त्याला वय माहीत होतं, गाठीचा आकार माहीत होता, ऑपरेशनचा महिना माहीत होता. त्याने फक्त बाई कधी बघितली नव्हती.

"नूरबींच्या घरी चल," मी म्हणाले.

५

नूरबी शिवणकाम करतात. मशीन थांबवून त्यांनी बाह्या वर केल्या. दोन्ही हात स्वच्छ.

"हमारे में गुदवाते नहीं, बाई. बचपन में मेले में एक बार बैठी थी, अम्मीने बाल पकड़ के उठाया."

त्यांच्यापुढेही दोन कागद होते. पहिला लाल. त्यावरून केमो झाली, केस गेले, नखं काळी पडली, आणि बाई आज ठणठणीत होत्या. दुसरा जानेवारीत आलेला, हिरवा. वर लिहिलं होतं, "सुधारित अहवाल".

"पुराना कागद वापस मांगा था डाक्टर ने. मैंने बोली, गुम गया." त्या हसल्या. "रेशनकार्ड एक बार दे के पछताई हूं. कागज़ हात से नहीं छोड़ना."

मी हिरवा कागद वाचायला घेतला आणि तळाच्या ओळीशी थांबले. डॉक्टरांची सही होती, आणि सहीच्या वर लिहिलं होतं: "काखेतील ग्रंथींत काळे कण. चुलीच्या धुरामुळे असावेत."

"नूरबी, चूल आहे का घरात?"

"चूल? शादी हो के आई तब से गैस है."

शनिवारी सकाळी आम्ही तिघं डॉ. सोनगिरेंच्या खोलीत गेलो. नूरबींना मी या म्हटलंच नव्हतं. त्या बुरखा चढवून आपणहून पुढे निघाल्या होत्या. आवेज दारापाशी उभा राहिला. डॉक्टर गोरेपान, गोड बोलणारे. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. भिंतीवर बेचाळीस ओळींचा तक्ता लावलेला होता. पुढच्या आठवड्यात तो मोठ्या परिषदेत दाखवायचा होता, आणि मग हिरवे-लाल शिक्के जिल्ह्याजिल्ह्यात जाणार होते.

मी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. "नूरबींचा लाल हिरवा कसा झाला?"

"टायपिंगची चूक होती. लक्षात आली, सुधारली."

"आणि नानीबाईंचा हिरवा लाल कसा झाला?"

"तो पहिल्यापासून लालच होता. ती केमोला आलीच नाही. तुमच्याच रजिस्टरात तशी नोंद आहे."

होती. माझ्याच अक्षरात होती. जानेवारीत त्यांच्याकडून यादी आली आणि मी गाढवासारखी उतरवून घेतली.

"ब्लॉक काढून तपासा की," ते म्हणाले. "मांस खोटं बोलत नाही."

"तपासला. नूरबींचाही तपासला. त्यातले हे काळे कण कसले, डॉक्टर?" मी काच पुढे केली.

"हे तर लिहिलंय मी. चुलीचा धूर. खेड्यापाड्यातल्या सगळ्या बायांत सापडतो."

"मैं धुले की हूं," नूरबी म्हणाल्या. "गैस पे पकाती हूं."

"आणि धूर फुप्फुसात जातो," मी म्हणाले. "तिथल्या ग्रंथी काळ्या करतो. काखेत काजळी येते ती हाताच्या गोंदणातून. हा तुमचा आवेज अर्ध्या मिनिटात ओळखतो. रोज बायांचे हात धरून अर्ज भरून घेतो ना तो! तुम्हाला ओळखू येत नाही, कारण या बेचाळीस जणींपैकी एकीचाही हात तुम्ही बघितलेला नाही. तुम्हाला यातून फक्त वय आणि सेंटिमीटर दिसले." मी सावकाश नूरबींकडे वळले. "बाह्या वर करा."

त्यांनी केल्या. मी नानीबाईचा फोटो शेजारी ठेवला. डॉक्टर एकदा हातांकडे, एकदा फोटोकडे बघत राहिले.

मग मी भिंतीवरच्या तक्त्याजवळ गेले. "तुमच्या चाचणीनुसार नानीबाई जगायला हवी होती, ती गेली. त्या एका प्रथिनाचा रंग फिकट होता म्हणून काही आजार थांबला नाही. नूरबींना पसरायला हवा होता, त्या बऱ्या झाल्या, केमो घेतली म्हणून. दोन्ही ओळी चुकल्या. तुम्ही दोन ब्लॉक बदलले आणि एका झटक्यात दोन्ही ओळी बरोबर आल्या. फिकट ती जगली, गडद ती मेली. वर मेलेलीवरच ठपका, की ती आली नाही."

"बेचाळीसात दोनच," डॉक्टर म्हणाले. आवाज अजून गोडच होता. "हेमलताबाई, या चाचणीने हजारो बायांची केमो वाचेल. दोन ओळींसाठी सगळं काम पाण्यात घालायचं?"

खरं सांगते, हात उचलला जाईल अशी मला भीती वाटली. मी तो पदरात गुंडाळून धरला.

"काम पाण्यात घालू नका ना! लिहा की, एका प्रथिनावर भागत नाही, आणखी चार बघायला हवीत. कुणी नाही म्हटलं? चाचणी खोटी नव्हती हो, अर्धी होती. खोटी तुम्ही केलीत. आणि परवा सोमवारी तिसरी ओळ घरी चाललीय. कमलबाई नाव आहे तिचं. हातही भरून गोंदलेत, बघायचेत?"

आवेज दारातून पुढे आला. त्याने गळ्यातलं केंद्राचं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. "सर, शेगडी तुमच्या खोलीत आहे. विचारतील त्याला मी सांगेन."

६

कमलबाईचं ऑपरेशन केलेल्या मॅडम जळगावच्या. रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी जाऊन बसले. दोन काचा, नूरबींचे दोन्ही कागद, फोटो, आवेजने सही करून दिलेलं निवेदन. मॅडमनी सगळं बघायला अर्धा तास लावला. मग कमलबाईची फाइल उघडली.

"गाठ मोठी आहे, एक ग्रंथीही बाधित आहे," त्या म्हणाल्या. "रोजच्या नियमाने मी केमो दिलीच असती. या हिरव्या शिक्क्यामुळे थांबले." त्यांनी तो शिक्का पेनाने असा खोडला की कागद फाटला. "उद्या सकाळी घेऊन या. सुटी नाही, भरती."

परिषदेला, आरोग्य खात्याला आणि पोलिसांना पत्रं गेली. त्यांचं काय होईल ते होईल, माझा त्यावर फार भरवसा नाही. हिरवा शिक्का मिळालेल्या बाकीच्या बायांची यादी आवेजने काढली आणि मॅडमनी एकेकीला फोन लावायला घेतले.

सोमवारी कमलबाईच्या हाताला सलाईन लागलं. नर्सला गोंदणातून शीर सापडेना, तेव्हा कमलबाईच म्हणाली, "आठे टोच, फूलना बाजूले."

दुपारी दिलवरसिंग लॅबमध्ये आला. मला वाटलं आभार मानेल, आणि ते मला सहन झालं नसतं. त्याने लाल शिक्क्याचा कागद पुढे सरकवला.

"यावर काय लिखेल शे ते माले परत वाचा."

जानेवारीत त्याला झापताना लॅबमध्ये जेवढी माणसं होती, तेवढी आताही होती. मी वाचलं. केमो घ्यावी, या शेवटच्या ओळीपर्यंत.

"गावमा बठ्ठास्नी तेच सांगं माले," तो म्हणाला. "की आम्ही उनूतच नही. पोरं बी ईचारतस, बाबा, मायले का बरं नही लई गऊ?"

मी कपाटातून रजिस्टर काढलं. नानीबाईच्या नंबरापुढे माझं वळणदार अक्षर होतं: केमो सांगितली, रुग्ण आली नाही. मी ती ओळ खोडली. वर नवी लिहिली, खाली पूर्ण सही केली, तारीख घातली. मग उभी राहिले आणि त्याच चार माणसांत, जानेवारीएवढ्याच मोठ्या आवाजात त्याला वाचून दाखवली.

"नानीबाई आली होती. आम्ही परत पाठवली."

त्याने परत एकदा वाचायला सांगितलं. मी वाचलं.